काळ्या दगडांचे बेट

मॉरिशस हा देश आमच्या बुलढाणा जिल्ह्यात पाच वेळा मावेल. मुख्य बेट अवघे १,८६५ चौरस किलोमीटरांचे. आमचा जिल्हा साडेनऊ हजारांहून मोठा. उत्तरेच्या टोकापासून दक्षिणेच्या टोकापर्यंत अंतर पासष्ट किलोमीटर. म्हणजे संग्रामपूरहून सुटलेली एस.टी. खामगाव ओलांडून थोडी पुढे जाते न जाते, तोच देश संपला! एवढ्याशा मुलखाला चार दिवस पुष्कळ झाले, असे आम्हांला सर्वांनी सांगितले. ते चार दिवस कसे घालवायचे, याचे मात्र दोन पंथ आहेत. एक पंथ समुद्रकाठच्या हॉटेलात आरामखुर्ची टाकून पडणाऱ्यांचा. त्यांनी खुशाल पडावे. त्यांना वाटाड्याची गरज नाही. दुसरा पंथ पन्नास माणसांच्या बसमधून शिट्टीबरोबर चढणाऱ्या-उतरणाऱ्यांचा. आमच्याबरोबर एकोणऐंशी वर्षांची आई होती. तिच्या गुडघ्यांना शिट्टी ऐकू येत नाही. म्हणून आम्ही तिसरा मार्ग धरला. चार दिवसांपुरती एक मोटार, आणि ती चालवणारा तोच आमचा वाटाड्या.

हा मार्ग थोडा महाग पडतो. पण घरात म्हातारे माणूस असेल तर पैसा वसूल होतो. रोजचे तास आणि हिंडायचा मार्ग आधी ठरवून घ्यावा, आणि दुकाने दाखवायची नाहीत हेही आधीच सांगावे. तिथे लाकडी जहाजांच्या प्रतिकृती फार सुंदर बनतात. त्या विकणाऱ्या दुकानांशी मोटारवाल्यांचे काही गोड संबंध असतात, असा प्रवाशांचा सार्वत्रिक अनुभव आहे. आमच्या वाटाड्याने तर पहिल्याच दिवशी हसत विचारले, “जहाज पाहायचे की मुलूख पाहायचा?” आम्ही मुलूख म्हटले. पुन्हा त्याने जहाजाचे नाव काढले नाही.

मुंबईहून विमानाने सहा तास. घड्याळ दीड तास मागे लावायचे. विमानतळावर तो पाटी घेऊन उभा होता. पन्नाशीचा, सावळा, अंगाने काटक. आईला पाहताच वाकला आणि म्हणाला, “आजी, या.” आम्ही चपापलोच. पुढे कळले की तो मराठीच. म्हणजे सहा पिढ्यांपूर्वीचा मराठी. घरात क्रेओल बोलतो, कागदपत्रे इंग्रजीत करतो, वर्तमानपत्र फ्रेंच वाचतो, आणि आमच्याशी भोजपुरीच्या वळणाची हिंदी बोलत होता. मराठी शब्द त्याच्याजवळ होते ते नात्यांचे, सणांचे आणि देवाचे. गणपतीची आरती मात्र त्याला सबंध पाठ! एका अक्षराची चूक नाही. त्यातल्या बहुतेक शब्दांचा अर्थ विचारला तर सांगता यायचा नाही. पण आपल्याकडे तरी किती जणांना येतो?

या बेटावरच्या मराठी लोकांची वस्ती लोकसंख्येच्या जेमतेम दोन टक्के. तरीही गणेशचतुर्थीला सगळ्या देशाला सुटी असते. शाळेत मराठी शिकता येते. गणपतीत कोकणातली जाखडी नाचतात. तिला ते ‘झाकरी’ म्हणतात. आडनावेही गंमतीची. मूळ पुरुषाचे जे नाव कारकुनाने वहीत लिहिले तेच पुढे घराण्याचे आडनाव झाले, म्हणून तिथे बाबाजी आणि भिवाजी ही आडनावे आहेत.

पहिल्या दिवशी त्याने आम्हांला पोर्ट लुईच्या बंदरात नेले. तिथे काळ्या दगडाच्या काही पायऱ्या आहेत. बस्स, एवढेच. शेजारी जुन्या कोठाराच्या भिंती. याचे नाव अप्रवासी घाट. पूर्वी कुली घाट म्हणत. इंग्रजांच्या राज्यात इथली गुलामगिरी १८३५ साली संपली. मग उसाला माणसे कुठून आणायची? २ नोव्हेंबर १८३४ रोजी कलकत्त्याहून ‘अ‍ॅटलस’ जहाजाने छत्तीस मजूर इथे उतरले. त्यानंतरच्या सुमारे ऐंशी वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे आली. बहुतेक बिहारकडची, काही तमिळ, काही तेलुगू, आणि मुंबई बंदरातून चढलेली आपली मराठी. वर्षानुवर्षांचा करार, प्रत्येकाला एक नंबर. दोन दिवस या घाटावर ठेवायचे, मग मळेवाल्यांच्या गाड्यांत भरायचे. २००६ साली युनेस्कोने या पायऱ्यांना जागतिक वारसा ठरवले.

आई खालच्या पायरीवर बसली आणि तिने पायरीला हात लावून तो कपाळाला लावला. वाटाडा बाजूला उभा राहून पाहत होता. तो इथे रोज प्रवासी आणतो. म्हणाला, “लोक फोटो काढतात. बसत कोणी नाही.”

बंदराबाहेर पडलो की दोन्ही बाजूंना ऊस. मधूनमधून जुन्या कारखान्यांची एकाकी धुराडी उभी दिसतात. पण माझे लक्ष वेधले ते दुसऱ्याच गोष्टीने. उसाच्या फडांत जागोजागी काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग रचलेले होते. काही नुसते ढीग, काही पायऱ्यापायऱ्यांचे, मनोऱ्यासारखे. मी विचारले, हे काय? तो म्हणाला, “आमचे आजे-पणजे.” ही सगळी जमीन ज्वालामुखीच्या दगडांनी भरलेली होती. ऊस लावायचा तर आधी दगड वेचायचे. ते वेचायला हातांखेरीज दुसरे यंत्र नव्हते. बेटाची सगळी साखर त्या ढिगांच्या पोटातून निघाली आहे, असे म्हणायला हरकत नाही.

वाटेत त्याने डाळपुरी खाऊ घातली. वाटाण्याच्या पिवळ्या डाळीचे वाटण भरलेली मऊ पोळी, आत रसभाजी आणि चटणी घालून कागदात गुंडाळलेली. चव छान. सौ.ने दोन खाल्ल्या. आईने मात्र एक घास चावून पाहिला आणि निकाल दिला, “सारा देश ऊस पिकवते, अन् पुरणात गूळ नाही घालत, बापा!”

दुसऱ्या दिवशी दक्षिणेला गंगा तलाव पाहिला. हे ज्वालामुखीच्या मुखात साचलेले तळे. १८९८ पासून लोक महाशिवरात्रीला इथे पायी कावडी घेऊन येतात, आणि १९७२ साली खरे गंगाजलही यात ओतले. १०८ फुटी महादेवाची मूर्ती भव्य आहे. पण मला तळ्याकाठची शांतताच अधिक भावली. पायी येणाऱ्यांचे वर्णन ऐकताना आई सारखी मान डोलवत होती. शेगावच्या पायी वारीला ती तीस वर्षे गेलेली आहे. तिला ते वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

तिथून शामारेल. सात रंगांची माती म्हणून हे ठिकाण सगळ्या जगातले प्रवासी पाहतात. कुंपणाच्या आत तांबड्या, जांभळ्या, तपकिरी, पिवळ्या मातीच्या लाटाच्या लाटा, आणि तिच्यावर गवताची काडी नाही. तिथली माती काचेच्या लहान नळ्यांत भरून विकायला ठेवली होती. आईने किंमत विचारली. ऐकल्यावर पुढे काही विचारले नाही.

मी आयुष्यभर संग्रामपुरात भूगोल शिकवला. तेव्हा या ठिकाणी वाटाड्याने माहिती द्यायची आणि मी ऐकायची, ही रीत थोडा वेळ उलटली. ही माती म्हणजे कुजलेला काळा दगड, बेसॉल्ट. लोहामुळे तांबडी आणि अ‍ॅल्युमिनियममुळे निळसर-जांभळी झालेली. तेवढे त्यालाही ठाऊक होते. पण पुढचे ऐकून त्याने मोटारीची किल्ली खिशात ठेवली आणि तो कठड्याला टेकला. हिंदी महासागराच्या तळाशी पृथ्वीच्या पोटातला एक तप्त झरा आहे. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी भारताची भूमी सरकत सरकत त्याच्यावर आली. त्या वेळी जो लाव्हा उफाळला, त्याचा आपला दख्खनचा पठार झाला, असे शास्त्रज्ञ मानतात. सातपुड्याचे आमच्याकडचे डोंगर, सह्याद्रीचे कडे, कोकणातला कातळ, लोणार सरोवर ज्यात उल्केने खणले तो दगड, सगळे त्याच लाव्ह्याचे. भारत पुढे उत्तरेला निघून गेला. झरा मागे राहिला. त्यानेच फार उशिरा, ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी, मॉरिशस वर काढले. आज तो शेजारच्या रेयुनियाँ बेटाखाली जळतो आहे. तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे.

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “गुरुजी, म्हणजे माझा खापरपणजा घरचेच दगड उचलत होता.”

यावर शिक्षकाने काय बोलावे? मी म्हटले, चूल एकच, एवढे खरे.

ल मोर्नचा डोंगर समुद्रात पाय सोडून बसल्यासारखा आहे. पळालेले गुलाम त्याच्या कड्यांवर लपत. मुक्तीची बातमी सांगायला येणारे शिपाई पाहून, ते पकडायलाच आले असे समजून, काहींनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी कथा सांगतात. २००८ साली हाही जागतिक वारशात गेला. त्याच्या पायथ्याशी आईने जन्मात पहिल्यांदा समुद्रात पाय घातले. ओंजळभर पाणी घेऊन जिभेला लावले, आणि थुंकली.

“हे त आपल्या इहिरीवानीच हाय!”

वाटाड्याला त्यातला विनोद कळेना. तो समजावून सांगताना मला हसू आले नाही. आमचा भाग पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येतो. समुद्र शेकडो कोस दूर, आणि विहिरीचे पाणी खारट. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. त्या पाण्याशी ज्याचा संबंध जोडतात, त्या मूत्रपिंडाच्या विकाराने माणूस गेलेले घर आमच्या तालुक्यात शोधावे लागत नाही. आमच्याही घरात तसे एक माणूस गेले. आता वान धरणाचे पाणी नळाने पुष्कळ गावांना मिळते, पण आईची जीभ जुनी. आणि इथे चारी बाजूंना खारे पाणी, तरी मधल्या उंचवट्यावर पडणारा पाऊस तळ्यांत आणि धरणांत साठवून त्या लोकांनी गोडे पाणी राखले आहे. दुष्काळ त्यांनाही चुकलेला नाही, असे तो म्हणाला. आई बराच वेळ लाटांकडे पाहत बसली होती. तिच्या मनात काय होते ते तिने सांगितले नाही, आणि मी विचारले नाही.

तिसऱ्या दिवशी क्यूरपिपचे ज्वालामुखीचे विवर आणि पाँप्लमूसची बाग झाली. विवर लोणारपुढे लहान आहे, हे जिल्ह्याभिमानाने नोंदवतो. बागेतली ताटाएवढाली नव्हे, परातीएवढाली कमळपाने मात्र पाहावीतच.

चौथ्या दिवशी निघण्यापूर्वी वाटाड्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेला एक कागद काढला. मोका येथे महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मजुरांच्या जुन्या नोंदवह्या ठेवल्या आहेत. वंशजांना तिथून मूळ पुरुषाचा दाखला मिळतो. त्याने तो मिळवला होता. नंबर, नाव, वय, उंची, जात मराठा, जिल्हा ‘रटनागेरी’, वर्ष १८५६. आणि गावाच्या नावाची पाच-सहा इंग्रजी अक्षरे, कुणा साहेबाच्या कानाने ऐकलेली. तो म्हणाला, “गुरुजी, हे गाव कुठे आहे? कितीतरी प्रवाशांना विचारले. कोणी म्हणतो मुंबईजवळ, कोणी म्हणतो गोव्याजवळ.”

मी चष्मा पुसून कागद पुन:पुन्हा पाहिला. ती अक्षरे ‘कर्ले’ वाचता येत होती. ‘कुर्ली’ही वाचता येत होती. कर्ले रत्नागिरीजवळ आहे. कुर्ली वैभववाडीकडे, आज सिंधुदुर्गात. पण त्या काळी तेही रत्नागिरी जिल्ह्यातच. आणखी एखादे तशाच नावाचे गाव नसेलच असे नाही. आई माझ्या कोपराला हळूच स्पर्श करून म्हणाली, “सांगून टाक ना एक. लेकराचं मन राहील.” सौ.चे मत उलटे. ती म्हणाली, उद्या हा माणूस पैसे साठवून त्या गावी जाईल, देवळात नारळ फोडील, आणि ते गाव त्याचे नसेल तर?

मला सौ.चे पटले. मी दोन्ही नावे सांगितली आणि कोणते खरे ते कागदावरून ठरत नाही, हेही सांगितले. त्याचा चेहरा उतरला असे मला वाटले. पण त्याने खिशातून वही काढली आणि शाळेत शिकलेल्या देवनागरीत दोन्ही नावे लिहिली. कुर्लीतला रफार त्याने चुकीच्या अक्षरावर दिला. तो मी नीट करून दिला. आईने त्याला जवळ बोलावून घरचा देव विचारला. ते तो सांगू शकला नाही. पण लग्नाआधी घराच्या कोपऱ्यात दिवा लावून नारळ ठेवतात आणि त्या रात्री कोणी दार लावत नाही, असे म्हणाला. आईने कमरेची पिशवी सोडून अकरा रुपये त्याच्या हातावर ठेवले. आपले रुपये, तिथे ते चालत नाहीत. त्याने ते त्या दाखल्याच्या पिशवीत घातले.

घरी परतल्यावर मी दोन्ही गावांच्या ग्रामपंचायतींना पत्रे टाकली. १८५६ च्या सुमारास कोणी समुद्रापार गेल्याची आठवण कुठल्या घराण्यात आहे का, लग्नाआधी कोपऱ्यात दिवा लावून दार उघडे ठेवण्याची रीत कोणाकडे आहे का, असे विचारले आहे. पत्राखाली माझ्या पत्त्याबरोबर त्याचाही पत्ता घातला आहे. उत्तर आलेच तर ते परस्पर त्याच्याकडे जावे.