मधला तुकडा

प्रकल्प द्यायला आठ दिवस उरले होते आणि माझ्या लॅपटॉपच्या चार्जरने राम म्हटला. त्याची वायर पिनेपाशी कधीच सोलली होती. चिकटपट्टी गुंडाळून मी दिवस ढकलत होते. हा लॅपटॉप आईने ब्लाउज शिवून साठवलेल्या पैशांतून घेतलेला, तोही जुनाच. घरी कळवायचा धीर होईना.

माझ्या खोलीतल्या मैत्रिणीचा चार्जर मात्र नव्या पद्धतीचा. तिचा मोबाईल आणि लॅपटॉप दोन्ही त्याच्यावर चालतात. पण त्याची चपटी टाइप-सी पिन माझ्या लॅपटॉपच्या गोल भोकात जाणार कशी? युरोपीय संघाने 28 डिसेंबर 2024 पासून नव्या मोबाईलना हेच तोंड सक्तीचे केले आणि लॅपटॉपसाठी 28 एप्रिल 2026 ही तारीख ठरवली. पण नियम होतात ते नव्या वस्तूंसाठी. जुन्यांनी काय करावे?

शेवटी स्टँडमागच्या दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदाराने लॅपटॉप उलटा करून तळावरचे आकडे वाचले. 20 व्होल्ट, 3.25 अँपिअर, म्हणजे 65 वॅट.

"ताई, नवा चार्जर कशाला? मैत्रिणीचा 65 वॅटचा असेल तर मध्ये हा तुकडा लावा."

बोटभर तुकडा. एका बाजूला टाइप-सीचे तोंड, दुसऱ्या बाजूला माझ्या मापाची गोल पिन.

"जळणार नाही ना?" मी विचारले.

तो हसला आणि त्याने सगळे समजावून सांगितले. नवा चार्जर सुरुवातीला फक्त 5 व्होल्ट देतो. मग आपल्याजवळ 5, 9, 15, 20 असे काय काय आहे ते सांगतो. नवी यंत्रे हवे ते मागून घेतात. जुन्याला ही भाषाच येत नाही. तुकड्यात एक चिप असते. ती त्याच्या वतीने 20 व्होल्ट मागते. मात्र तुकडा 20 व्होल्टचाच हवा आणि केबल 5 अँपिअरची, कारण साधी केबल 3 अँपिअरपर्यंतच नेते. मोबाईलच्या 20 वॅटच्या चार्जरकडून हे काम होत नाही.

रात्री लॅपटॉपचा दिवा लागला. मी मात्र त्या न मागणाऱ्या यंत्राचाच विचार करीत बसले. पहिल्या वर्षी शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन मी तीन दिवस कार्यालयाच्या खिडकीपासून परत फिरले होते. चौथ्या दिवशी आमच्या बाई सोबत आल्या, माझ्या वतीने दोन वाक्ये बोलल्या आणि काम झाले. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. पण ज्याला रडताही येत नाही, त्याला असा एखादा मधला तुकडा भेटावा लागतो.

तेवढ्यात आईचा फोन आला.

"आवाज असा का गं? पैसे संपले का?"

मी एक शब्दही बोलले नव्हते. मग मात्र सारे सांगून टाकले. ती थोडा वेळ गप्प राहिली.

"त्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

याचे उत्तर मला अजून देता आलेले नाही.