साठमारीतलं दार

कोल्हापूरची साठमारी मी आयुष्यभर अभिमानानं सांगत आलो. शाहू महाराजांच्या काळचं ते मैदान, त्यातले दगडी बुरूज आणि माजावर आलेल्या हत्तीपुढं पायी उतरणारे साठमार. हत्ती अंगावर आला की माणूस बुरुजाच्या अरुंद दारातून आत सटकायचा. हा मर्दानी खेळ, यात क्रौर्य कसलं, असं माझं ठाम मत होतं.

नोकरीसाठी लखनौला, कानपूर रोडवरच्या सरोजिनी नगरात आलो आणि ते मत आणखी पक्कं झालं. अब्दुल हलीम शरर यांच्या ‘गुजिश्ता लखनौ’त वाघ, हत्ती, गेंडे यांच्या नवाबी झुंजींची वर्णनं वाचली. अवधचा राजा नसीरुद्दीन हैदर (कारकीर्द १८२७-३७) गोऱ्या पाहुण्यांसह अशा झुंजी बघत बसे. त्याच काळात, १८३५ साली, इंग्लंडात खांबाला बांधलेल्या अस्वलावर कुत्रे सोडण्याच्या खेळाला कायद्यानं बंदी आली. मला वाटे, या दोन्हीकडचे बघे सुरक्षित बसलेले. आमचा साठमार जीव पणाला लावतो.

शेजारच्या निवृत्त मास्तरांना हे ऐकवलं, तर ते म्हणाले, “और हाथी के लिए दरवाज़ा किधर था?”

माझं मत फिरलं ते तिथं. दार माणसाच्या अंगाच्या मापाचं केलेलं, हत्ती शिरू नये म्हणूनच. माजावरचा हत्ती एरवी साखळदंडात वेगळा ठेवायचा. इथं त्याला मोकळा सोडून, कापड फडकावून, भाल्यानं डिवचून पिसाळवायचं. साठमाराचं धाडस खरंच होतं, पण हत्तीला त्या धाडसाशी काय देणंघेणं?

मग तोच प्रश्न आमच्या बैलांबद्दलही पडला. १८ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतींचा महाराष्ट्राचा कायदा उचलून धरला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. शर्यत म्हणजे झुंज नव्हे, हे आजही मानतो. बैलाला पोटच्या पोरासारखं जपणारी माणसं माझ्याच घरात आहेत. पण शेपटी पिरगाळल्यावर उसळणारा बैल मी हाताच्या अंतरावरून पाहिलाय: डोळे पांढरे झालेले, तोंडाला फेस. त्याला थांबायचं असलं तर त्यानं कुणाला सांगावं?

यंदा यात्रेतल्या शर्यतीची वर्गणी मी दिली नाही. धाकट्या भावाला फोनवर कारण सांगितलं. तो रागावलाय; गावी गेल्यावर त्याच्याशी नीट बसून बोलणार आहे.