अनुकूल वारा

प्रतिकूल वाऱ्याशीं झुंजणाऱ्याचें सर्वत्र कौतुक होतें. वारा पाठीशीं घेऊन जाणाऱ्यास कोणी शाबासकी देत नाहीं. कालिदासानें मेघाला अलकेस धाडतांना अनुकूल पवनाची सोबत दिली, तेव्हां त्याचा मार्ग सुकर झाला असें आपण सहज मानतों. परंतु त्याच पवनाच्या आधारानें मनुष्यास पावणेदोनशे किलोमीटर समुद्र कापावयाचा असला, म्हणजे हें पाठबळ किती जपून वापरावें लागतें तें कळून येतें. ब्राझील देशाच्या ईशान्य किनाऱ्यावर २०२४ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत आम्हीं अशी एक शर्यत जवळून पाहिली. तिचा वृत्तान्त वाचकांस रुचेल अशी आशा आहे.

आमची पुतणी सेआरा प्रांताच्या राजधानींत, फोर्तालेझा येथें, पवनचक्क्यांवर वीज उत्पन्न करणाऱ्या एका कंपनींत अभियंता आहे. "काका, यंदा मी शर्यतीस उतरणार. प्रत्येक स्पर्धकामागें किनाऱ्यानें एक गाडी लागते. माझ्या गाडींत तुम्ही आणि काकू असाल ना?" असें तिनें विचारलें, आणि आम्ही उभयतां निघालों. गाडी हांकण्यास जांवई होते. पाणी, फराळ, जादा पतंग व औषधांची पेटी सांभाळणें हा आमचा शर्यतींतील भाग.

हा खेळ कसा असतो तें प्रथम सांगितलें पाहिजे. पायांखालीं सुमारें तीन हात लांबीची फळी, कमरेस रुंद पट्टा, हातांत दांडी, आणि दांडीपासून निघालेल्या वीस-बावीस मीटर लांबीच्या दोऱ्यांच्या टोंकास कापडी पतंग. पतंगाच्या ओढीनें स्वार फळीवर उभा राहून पाण्यावरून घसरत जातो. यास काइटबोर्डिंग म्हणतात. खेळ नवा, पण कल्पना जुनी आहे. ब्रिस्टल येथील जॉर्ज पोकॉक या गृहस्थानें १८२६ सालीं पतंगांनीं ओढल्या जाणाऱ्या गाडीचें पेटंट घेतलें. हे गृहस्थ पेशानें शाळामास्तर होते, हें वाचून आम्हांस विशेष आनंद झाला! १९०३ सालीं सॅम्युअल कोडी यानें पतंगानें ओढलेल्या नावेंतून इंग्लिश खाडी ओलांडली. परंतु पाण्यांत पडलेला पतंग भिजून निकामी होई. १९८४ सालीं ब्रुनो व डोमिनिक लेगेन्यू या फ्रेंच बंधूंनीं पतंगाच्या कडेंत व फासळ्यांत हवा भरण्याची युक्ति काढली. असा पतंग बुडत नाहीं व पुन्हां उचलतां येतो. त्यावरच आजचा खेळ उभा आहे.

सेआराच्या किनाऱ्यास वर्षाच्या उत्तरार्धांत वारा जवळजवळ खंडत नाहीं. आग्नेयीकडून व ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे विषुववृत्ताजवळ जेथें मिळतात, तेथें ढगांचा व पावसाचा एक पट्टा असतो. फेब्रुवारीपासून मेपर्यंत तो सेआराकडे उतरतो. तेव्हां पाऊस पडतो व वारा मंदावतो. तो उत्तरेस सरकला कीं आग्नेयीचे वारे मोकळे सुटतात, आणि दिवसा तापलेल्या जमिनीकडे येणारे खारे वारे त्यांत भर घालतात. किनारा पश्चिम-वायव्येस धांवत असल्यामुळें हा सर्व वारा पाठीशीं मिळतो. आपला नैर्ऋत्य मोसमी वाराहि विषुववृत्त ओलांडून वळलेल्या आग्नेय वाऱ्यांचाच प्रवाह आहे. त्या दृष्टीनें हे वारे एकाच कुळांतले.

असा वारा असतां शर्यतींत कठिण तें काय, असें आम्हीं पुतणीस विचारलें. तिनें दोन गोष्टी सांगितल्या. ताशीं चाळीस किलोमीटर वाऱ्याबरोबर ताशीं तीसनें जाणाऱ्याच्या अंगास दहाचाच वारा लागतो. त्यामुळें वाऱ्याचा खरा जोर ध्यानांत येत नाहीं, आणि वळून परत येऊं पाहणाऱ्यास तो एकदम समोर उभा राहतो. दुसरें असें कीं, वाऱ्याच्या दिशेनें सरळ पतंगाकडे धांवल्यास दोऱ्या सैल पडतात आणि पतंग कोसळतो. म्हणून स्वार फळीची कड पाण्यांत रुतवून नागमोडी जातो. कांहीं वेळ समुद्राकडे, कांहीं वेळ किनाऱ्याकडे. पतंग वाऱ्यानें उडतो हें खरें. पण दोरीस ताण असेल तोंवरच.

शर्यत तीन दिवसांची होती: पाराकुरूहून मुंदाऊ, तेथून इतारेमा, आणि शेवटीं प्रेआ. पहिले दोन दिवस आमची गाडी ओहोटीच्या ओल्या वाळूवरून चालली. एका बाजूस वाळूच्या टेंकड्या, नारळी व काजूचीं झाडें. दुसऱ्या बाजूस हिरवट समुद्रावर रंगीबेरंगी पतंगांची रांग. काजू हें मूळचें याच ईशान्य ब्राझीलचें झाड. पोर्तुगीज लोकांनीं तें सोळाव्या शतकांत गोमांतकांत आणलें, व त्याचें नांवहि तेथील तुपी भाषेंतून पोर्तुगीजांच्या मुखानें आपल्याकडे आलें.

याच्या उलट वाटेनें गेलेला एक शब्द आम्हांस तेथें भेटला. तेथील कोळी तराफ्यावर त्रिकोणी शीड उभारून भर समुद्रांत जातात; पूर्वीं हे तराफे ओंडके जोडून केलेले असत. त्या तराफ्यास ते 'जंगादा' म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजांनीं मलबारच्या किनाऱ्यावरून नेला. त्याचें मूळ संस्कृत 'संघाट', आणि आपल्याकडील रूप 'सांगड'! भोपळे किंवा ओंडके एकत्र बांधून नदी तरून जाण्यासाठीं करतात तीच ही सांगड. सेआराच्या इतिहासांत जंगादाचें स्थान मोठें आहे. तेथील गुलाम दक्षिणेकडे विक्रीस धाडावयाचे तर किनाऱ्यावरून गलबतापर्यंत जंगादावरूनच न्यावे लागत. १८८१ सालीं फ्रान्सिस्को जोझे दो नासिमेंतो या जंगादावाल्याच्या पुढाकारानें सर्वांनीं तें काम नाकारलें. १८८४ सालीं सेआरानें गुलामगिरी बंद केली. अवघ्या ब्राझीलांत ती १८८८ सालीं बंद झाली.

तिसऱ्या दिवशीं आमची परीक्षा होती. वाटेंत आकाराऊ नदीचें मुख लागतें. तेथें वाळूवरून गाडी जात नाहीं, आंतून वळसा घालून प्रेआ गांठावें लागतें. तेवढा वेळ समुद्रावरील माणूस एकटें असतें. स्पर्धकांच्या अंगावर ठिकाण कळविणारें यंत्र असे, आणि नकाशावरील पुतणीचा ठिपका जांवयांच्या दूरध्वनींत दिसे. सकाळपासून स्त्रियांमध्यें ती दुसरी होती. नदीमुखाशीं तो ठिपका थांबला. मग थोडा मागें, थोडा पुढें, पुन्हां मागें असा एकाच जागीं फिरूं लागला. बाकीचे ठिपके पुढें निघून गेले. जांवयांनीं व्यवस्थापकांस कळविलें. पण त्यांच्या नावेस तेथें पोंचण्यास वेळ लागणार होता. कुटुंबाच्या मुखीं रामरक्षा चालू होती. आम्ही मात्र वाऱ्याचा विचार करीत होतों. दोन दिवस ज्याचे आभार मानले, तोच तिला दूर लोटीत असेल.

सुमारें दीड तासानें ठिपका पश्चिमेकडे सरकला, आणि मग प्रेआच्या वाळूवर ती उतरली तेव्हां सर्व कळलें. नदीमुखाशीं एका तरुण स्पर्धकाच्या पतंगाचा कणा फुटला. ओहोटीचें पाणी त्यास बाहेर ओढीत होतें, आणि लाटांमध्यें एकटें डोकें दुरून दिसत नाहीं. त्याला ओढून आणण्याइतकें बळ तिच्यांत नव्हतें. म्हणून ती त्याच्याभोंवतीं येरझारा घालीत राहिली व आपला पतंग उंच धरून ठेवला, कीं कोणास तरी तो दिसावा. मासेमारीहून परतणाऱ्या एका जंगादानें तो पाहिला. त्या तिघां कोळ्यांनीं तरुणास वर घेतलें, तेव्हां ती निघाली.

तिचा क्रमांक अर्थातच गेला. "वाईट वाटतें का ग?" आम्हीं विचारलें. "वाटतें तर, काका! वर्षभर तयारी केली होती," ती म्हणाली, "पण मी पुढें गेलें असतें, तर वारा मला परत येऊं देता ना." आम्हांस तिचें हें उत्तर पदकाहून मोलाचें वाटलें. अनुकूल वाऱ्यावर थांबण्याची वेळ एकदांच येते.

दुसऱ्या दिवशीं त्या कोळ्यांस भेटावयास गेलों. पैसे त्यांनीं घेतले नाहींत. कुटुंबानें घरून नेलेले बेसनाचे लाडू मात्र त्यांनीं आवडीनें खाल्ले आणि निघतांना भाजलेल्या काजूंची एक पिशवी तिच्या हातीं दिली. परत आल्यावर तो खाऊ घरांतील मुलांस वांटला. मग फळ्यावर 'जंगादा' असा शब्द लिहून त्याचा अर्थ काय असेल तें त्यांस विचारलें. धाकट्या नातवानें 'जंगल' सांगितलें, दुसऱ्यानें 'झेंडा'. सर्वांचे तर्क संपल्यावर आम्हीं त्याखालीं 'सांगड' हा शब्द लिहिला.