दोष खुंटीचा नसतो

नवी तार लावली की गिटार सुरात राहायलाच हवी, अशी बहुतेकांची समजूत असते. घडतं उलटं. जुनी, काळी पडलेली तार निदान आपल्या जागी मुरलेली असते. नवी तार पहिला दिवसभर जागाच शोधत असते. बोईसरला माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बऱ्याचशा इलेक्ट्रिक गिटारी बिघडलेल्या नसतातच. घरी तारा बदलल्या, संध्याकाळपर्यंत सूर उतरला, म्हणून खुंट्या बदलून द्या, एवढंच म्हणणं असतं. गरब्याच्या ऑर्केस्ट्रातला वादक असो, सातपाटीकडच्या हळदीत वाजवणारा असो की तारापूर अणुवीज केंद्राच्या टॅप्स कॉलनीतला कॉलेजचा मुलगा, निदान एकच घेऊन येतो: खुंटी ढिली झाली.

ही समजूत आली असावी तंबोऱ्याकडून. तंबोऱ्याची किंवा सतारीची खुंटी लाकडाची. लाकडाच्या भोकात ती निव्वळ घर्षणावर थांबते, हवामान बदललं की घट्ट बसते किंवा सुटते. म्हणून तिला खडू घासावा लागतो. मिरजेच्या कारागिरांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, आणि त्यांच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. इलेक्ट्रिक गिटारीच्या खुंटीचं तसं नाही. तिच्यात दातेरी चाक स्क्रूच्या आट्यांवर फिरतं. साधारण १४ फेऱ्या द्याव्यात तेव्हा दांडा एकदा फिरतो. तारेने कितीही ओढलं तरी ते चाक आपणहून उलटं फिरत नाही. दात झिजले किंवा स्क्रू सुटला तर गोष्ट वेगळी, पण तशी खुंटी मला क्वचितच दिसते.

मग सूर जातो कुठे? आधी दांड्यावरचे वेढे पाहा. वरच्या बारीक तारांना तीनेक आणि जाड तारांना दोनेक वेढे पुरे होतात. ते एकाखाली एक, एकमेकांवर न चढता बसायला हवेत. तार महाग म्हणून कापायचं जिवावर येतं आणि सगळी लांबी दांड्याभोवती गुंडाळली जाते. मग वेढ्यांवर वेढे चढतात आणि वाजवता वाजवता आवळत राहतात. नवी तार ‘ताणली जाते’ असं आपण म्हणतो, पण पोलाद फारसं ताणलं जात नाही. आवळतात हे वेढे, आणि ब्रिजच्या टोकाला गोळीवरचा पीळ. म्हणून तारा चढवल्यावर प्रत्येक तार मधोमध धरून हलकेच वर ओढायची, पुन्हा सुरात आणायची, पुन्हा ओढायची. सूर हलेनासा झाला की थांबायचं. सूर लावताना नेहमी खालून वर चढत यायचं. वर गेलात तर पूर्ण खाली उतरून पुन्हा चढा, म्हणजे दात्यांमधला मोकळा खेळ निघून जातो.

इतकं करूनही सूर सरकत असेल, तर खरा गुन्हेगार नट. गळ्याच्या टोकाला ती सहा खाचांची पांढरी पट्टी असते ना, तीच. तिथे तार अडकते. खुंटी पिळताना ‘टिक’ असा आवाज येतो आणि सूर एकदम उडी मारतो, तेव्हा समजा की तार खाचेत अडकून सुटली. सूर कोणत्या बाजूला गेला, यावरूनही निदान होतं. तार बोटाने खेचून वाजवली (बेंड) आणि नंतर सूर उतरला, तर खाचेतून पुढे आलेली तार मागे सरकलेली नाही. ट्रेमोलोची दांडी दाबून सोडली आणि सूर चढला, तर खुंटीकडे सरकलेली तार पुढे आलेली नाही. उतरलेल्या वेळी नट आणि खुंटी यांच्यामधली तार बोटाने दाबून सोडा. सूर जागेवर आला की चोर सापडला. उपाय स्वस्त आहे: मऊ, टू-बी पेन्सिलीचं शिसं खाचेत घासायचं. नऊचा सेट काढून दहाचा लावला असेल तर मात्र खाच अरुंद पडू शकते आणि शिसं पुरत नाही. मग खाच रुंद करावी लागते, पण पॉलिश पेपर हातात घेऊ नका. खाच एकदा खोल गेली की नट बदलण्यावाचून इलाज उरत नाही.

नऊ आणि दहा ही पहिल्या तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात. फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण नऊच्या सहा तारा मिळून गिटारीला सुमारे ३९ किलोने ओढतात आणि दहाच्या सुमारे ४७ किलोने. ट्रेमोलोवाल्या गिटारीत ही ओढ मागच्या स्प्रिंगांशी तोललेली असते. तोल बिघडला की ब्रिज पुढे कलतो, आणि एक तार चढवली की बाकीच्या पाच उतरतात. अशा गिटारीच्या सगळ्या तारा एकदम कधीच काढू नका, एकेक करून बदला. जाडी वाढवली असेल तर मागचं झाकण काढून स्प्रिंगांचे दोन स्क्रू थोडे थोडे आवळा, आणि दर वेळी सगळ्या तारा पुन्हा सुरात लावा. वेळखाऊ काम आहे, पण दुसरा मार्ग नाही.

आमच्या किनाऱ्याचा त्रास आणखी वेगळा. चिंचणी-तारापूरची हवा खारी, पावसाळ्यात दमट. वर तारापूरची औद्योगिक वसाहत, जी २०१८ च्या राष्ट्रीय प्रदूषण निर्देशांकात देशात पहिली आली होती. पोलादाला यातलं काहीच मानवत नाही. गंजून खरखरीत झालेली तार नटमध्ये जास्त अडकते, आणि ब्रिजवर तार जिथे टेकते त्या सॅडलचे बारीक स्क्रूही जाम होतात. म्हणून वाजवून झालं की सुती फडक्याने तारा पुसा, अगदी खालच्या बाजूनेही. कोटिंग असलेल्या तारा महाग पडतात, पण इथे मी त्याच सुचवतो. त्या मिळतातही. डहाणूहून चर्चगेटची लोकल २०१३ पासून आहे, आणि तिथून वाद्यांच्या दुकानांचा धोबी तलाव काही दूर नाही.

मोकळ्या तारा सुरात, पण गळ्यावर वर गेलं की कॉर्ड बेसूर, ही तक्रार निराळी. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक जुळवून पाहा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे घ्या, उतरता असेल तर पुढे आणा. हे नव्या तारांवरच करायचं, जुन्या तारांवर केलेली मापं फसवतात. मोबाइलवरचा ट्यूनर ४४० हर्ट्झवर आहे ना, तेही आधी पाहा. चुकून ४३२ वर सरकलेला ट्यूनर घेऊन आलेले लोक मी पाहिले आहेत. गिटार ठणठणीत होती, कीबोर्डशी मात्र तिचं जमत नव्हतं.

आणि एक विनंती. गिटार दुरुस्तीला आणायची तर तारा काढून आणू नका. लावल्या आहेत तशाच, सूर उतरलेला असला तरी, घेऊन या. बिघाड ताणलेल्या तारेतच दिसतो, रिकाम्या गळ्यावर कुणालाही काही कळत नाही.