ओरडू नको, जवळ ये

पहिल्या रेकॉर्डिंगला मी माइकपासून दोन हात लांब उभी राहून बेंबीच्या देठापासून ओरडत होते. कॉलेजातली पोरं तसंच करायची, म्हणून रॅप म्हणजे तेच असं मी धरून चालले होते. अर्ध्यात बीट थांबलं आणि हेडफोनमध्ये दादाचा आवाज आला, "ओरडू नको. जवळ ये."

दादा दिवसा लग्नांना आणि मंडळांना साउंड लावायचा. रात्री उल्हासनगरच्या एका खोलीत बीट बनवायचा. खोलीच्या तीन भिंतींना त्याच्या आईच्या गोधड्या ठोकलेल्या होत्या. चौथ्या भिंतीला कपाट होतं, त्याचं दार उघडं ठेवलं की आतले कपडेही आवाज शोषायचे. माइक आणि तोंड यांच्यात चार बोटांचं अंतर, हा त्याचा नियम. तेवढ्या जवळून बोललं की आवाजातला खर्ज फुगतो आणि बारीक आवाजालाही अंग येतं. पण त्याची किंमत मोजावी लागते. 'प' आणि 'फ' माइकवर फुटतात, थुंकी गिळलेली ऐकू येते, आणि श्वास चोरून घेता येत नाही. मिनिटाला 90 ठोक्यांच्या बीटवर चार-चार ठोक्यांचे 16 बार म्हणजे साधारण 43 सेकंद. त्यात श्वास कुठे घ्यायचा हे मी अजूनही वहीत शब्दांच्या मध्ये लाल टिंब देऊन ठरवते.

त्याच रात्री त्याने मला बहामाडिया ऐकवली. फिलाडेल्फियाची. तिचा 'कोलाज' हा अल्बम 1996 चा. आख्ख्या अल्बमभर ही बाई आवाज चढवत नाही. शेजारणीशी कठड्यावरून बोलावं तसं बोलते, पण शब्द असे एकात एक गुंफते की तिसऱ्यांदा ऐकताना कुठे यमक होतं ते कळतं. "हिला कोणी सांगितलं नाही का ओरडायला?" मी विचारलं. दादा म्हणाला, "हिच्या मागे गुरू होता."

मला वाटलं तो आपल्या अर्थाने म्हणतोय. तर त्या माणसाचं नावच गुरू. बॉस्टनचा कीथ एलम, डीजे प्रीमियरबरोबरच्या 'गँग स्टार' जोडीतला. 'गिफ्टेड अनलिमिटेड ऱ्हाइम्स युनिव्हर्सल' अशी आद्याक्षरं जुळवून त्याने आपल्याकडचा शब्द उचललेला. हा सुद्धा एका पट्टीतला, जवळजवळ सपाट आवाजाचा. रॅपमध्ये मुख्य गोष्ट आवाजच, हे सांगायला त्याने 1994 च्या अल्बममध्ये एक गाणंच ठेवलं. बहामाडियाचं सुरुवातीचं 'टोटल रेक' त्याने प्रोड्यूस केलं, 1995 मध्ये स्वतःच्या दुसऱ्या 'जॅझमटॅझ'वर तिला घेतलं. हळू बोलणाऱ्या माणसाने हळू बोलणारी बाई ओळखली. तिला मोठ्याने बोलायला लावलं नाही, हा त्याचा मोठेपणा मला त्याच्या गाण्यांहूनही जास्त वाटतो.

मोठ्या गुरूच्या सावलीतल्या बाईला एक प्रश्न मात्र सुटत नाही. तुझं लिहितो कोण? रॅपर लिल किमचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक. तिला पुढे आणणारा नोटोरियस बीआयजी 9 मार्च 1997 ला लॉस एंजेलिसमध्ये गोळीबारात गेला, वय 24. तिचा पहिला अल्बम येऊन चार महिनेही झाले नव्हते. दुसरा आला 2000 मध्ये. तिच्या ओळी त्याच्याच होत्या का, ही चर्चा तो गेल्यावरही चालू राहिली. म्हणजे माणूस गमावायचा, आणि वर आपलं काम आपलंच होतं हे सिद्ध करत बसायचं. पोरांनाही मोठी माणसं लिहून देतात. त्यांना हे कोणी विचारत नाही.

मलाही विचारलं गेलं. एका कार्यक्रमानंतर एकाने हसत म्हटलं, "दादाने चांगलं लिहून दिलंय." तेव्हा सुचलं नाही, पण उत्तर मराठीतच होतं. मराठीत क्रियापद ओळीच्या शेवटी येतं आणि यमकही तिथेच पडतं. म्हणजे बाई की बाप्या, हे नेमकं यमकाच्या जागीच उघडं पडतं. दादाने एकदा हौसेने मला चार ओळी दिल्या होत्या. त्यात 'बोलतो'ला 'फोटो' जुळवलेलं. मी 'बोलते' केलं आणि फोटो गळून पडला. तिथे 'रस्ते' आले. रस्ते आले म्हणून आधीच्या ओळीतली खोली गेली आणि स्टेशन आलं. चार ओळींतलं त्याचं काहीच उरलं नाही. तो वाचून म्हणाला, "तुला उसनं घेताच येणार नाही, बघ." चिडून म्हणाला की खूश होऊन, ते अजून ठरत नाही.

हळू आवाजाचे हाल स्टेजवर होतात, हेही सांगायला हवं. उघड्या मैदानात चार बोटांचा नियम चालतो, पण गाणाऱ्याकडे वळवलेला मॉनिटर स्पीकर चुकीचा लावलेला असला की माइक शिट्टी मारतो, मग साउंडवाला आवाज खाली ओढतो आणि मागून पोरं "आवाज! आवाज!" करून ओरडतात. दादा असला की स्वतः जाऊन मॉनिटर फिरवायचा. आता मी कार्यक्रमाच्या आधी तासभर जाते आणि स्वतः फिरवते. लोक म्हणतात, ताईंचे फार नखरे आहेत.

दादा कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेला. गोधड्या त्याच्या आईने काढून नेल्या.

गुरू 19 एप्रिल 2010 ला गेला, कर्करोगाने, 48 व्या वर्षी. पण त्याच्या अप्रकाशित आवाजावर प्रीमियरने काम केलं आणि 2019 मध्ये गँग स्टारचा नवा अल्बम आला. माणूस नसताना नऊ वर्षांनी त्याचा आख्खा अल्बम! मी तो ऐकला तेव्हा दादा शेजारी बसून ड्रम मोजत होता. आता ऐकते तेव्हा मत्सर वाटतो. दादा रॅप करायचा नाही. तो बोलायचा ते टॉकबॅकवर, म्हणजे बटण दाबून माझ्या हेडफोनमध्ये, आणि टॉकबॅक रेकॉर्ड होत नाही. आठ वर्षांत त्याने मला जे जे सांगितलं त्यातलं एक अक्षर कुठल्या फाइलमध्ये नाही. टेक संपला की तो तीन-चार सेकंद गप्प बसायचा. मग "परत", किंवा काहीच नाही. काहीच नाही म्हणजे झालं. आता ज्याच्याकडे जाते तो मुलगा गुणी आहे, पण टेक संपायच्या आत "एक नंबर, ताई" म्हणतो. त्या तीन-चार सेकंदांची मला इतकी सवय होती की त्यांच्याशिवाय ओळ बरी की वाईट ते मला कळेना. अजूनही नीट कळत नाही.

गेल्या महिन्यात जुन्या हार्ड डिस्कवरचं एक अर्धवट गाणं आम्ही उघडलं. सहाव्या टेकच्या सुरुवातीला, बीट पडायच्या आधी, काहीतरी खुसपुसलं. मुलाने आवाज वाढवला. माझ्या हेडफोनमधून सांडलेला टॉकबॅक माझ्याच माइकने पकडला होता. बारीक, डब्यातून आल्यासारखं, "परत".

मुलगा माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ठेवूया ना, ताई? इंट्रोला मस्त लागेल."

मी कापायला सांगितलं. हेडफोन सांडलेला टेक दादाने कधी पुढे जाऊ दिला नव्हता. मग आत गेले, चार बोटं मोजली आणि सातवा टेक घेतला.