खिडकीतलं टांझानिया

कुंडीतलं रोप जगवणं हेही एक काम असतं, हे मला मिनियापोलिसला येईपर्यंत माहीत नव्हतं. आपल्याकडे सकाळी तुळशीला तांब्याभर पाणी घातलं की झालं. बाकीचं ऊन, वारा, पाऊस बघून घेतात. इथे त्या तिघांचीही कामं आपल्यालाच करावी लागतात, आणि तीही दिवाणखान्यात बसून!

माझ्याकडचं रोप आफ्रिकन व्हायोलेटचं. वीतभर पसारा, मखमली लव असलेली गोलसर पानं आणि मधोमध जांभळ्या फुलांचा झुबका. नाव व्हायोलेट असलं तरी खऱ्या व्हायोलेटशी याचं काही नातं नाही. हे मूळचं टांझानियातल्या उसांबारा डोंगरातलं, सावलीतल्या शेवाळलेल्या कातळावर उगवणारं. तिथे जर्मनांचं राज्य होतं तेव्हा, १८९२ साली, वाल्टर फॉन सेंट पॉल नावाच्या अधिकाऱ्याने ते जर्मनीला आपल्या वडिलांकडे धाडलं. पुढच्याच वर्षी हेर्मान वेंडलांड या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्या घराण्यावरून त्याचं 'सेंटपॉलिया' असं बारसं केलं. (२०१५ साली शास्त्रज्ञांनी ते दुसऱ्याच प्रजातीत घातलं, पण नर्सरीवाल्यांना त्याचं काही नाही.) उसांबाराची जंगलं मात्र तुटत गेली आणि रानातल्या याच्या बऱ्याच जाती आता धोक्यात आहेत. गावाकडे हाल आणि परदेशात खिडकीखिडकीत थाट. असो.

मला हे रोप मिळालं ते आमच्या विभागाच्या ऑफिसातल्या बाईंकडून. कोणाचाही पीएच.डी.चा डिफेन्स झाला की त्या त्याला आपल्या व्हायोलेटचं एक मुळं धरलेलं पान कागदी पेल्यात घालून द्यायच्या. या झाडाचं एक पान देठासकट मातीत खोचलं की त्यातून तस्संच नवं झाड होतं, जनुकं तीच. बाईंचं झाड त्यांच्या आईच्या झाडाच्या पानापासूनचं. म्हणजे १९६०च्या आसपासचं तेच झाड पानापानाने पुढे चाललेलं. २०१८ साली मलाही एक पेला मिळाला.

मंडळी, इथल्या हिवाळ्यात खरा त्रास थंडीचा नाही, हीटरचा आहे. बाहेर उणे १५ अंश असताना घनमीटरभर हवेत फार तर दीड ग्रॅम वाफ मावते. तीच हवा घरात येऊन २१ अंशांना तापली की तिच्यात अठरा ग्रॅम मावू शकते, पण वाफ तेवढीच. म्हणजे आर्द्रता आठ टक्के! आंघोळी, स्वयंपाक यांनी थोडी भर पडते. माझ्या खोलीत मोजली तर १८ भरते. कुंडीखाली खडे आणि पाण्याची ताटली ठेवा असं सगळे सांगतात, पण एवढ्या खोलीला ती ताटली कुठे पुरणार? त्याने माणसाला बरं वाटतं, इतकंच.

उजेडाचंही तसंच. आपले डोळे फार समजूतदार असतात, दिवाणखाना त्यांना लख्ख वाटतो. मीटर लावला की कळतं, बाहेर भर दुपारी एक लाख लक्स आणि सोफ्याजवळ जेमतेम दोनशे. शिवाय उसांबारा विषुववृत्ताजवळ, तिथे वर्षभर दिवस साधारण बारा तासांचा. इथे डिसेंबरात नऊ तासही भरत नाहीत. म्हणून माझ्या रोपावर एक एलईडी दिवा आहे, टायमर लावून बारा तास.

राहिलं पाणी. हिवाळ्यात नळाला जवळजवळ बर्फच येतो; तसलं पाणी पानावर पडलं की तिथल्या पेशी मरून फिकट वळी उमटतात आणि ती कायमची. तेव्हा पाणी कोमटच हवं. आणि बेताचं. पाणी जास्त झालं की मुळं कुजतात. मुळं कुजली की पानं माना टाकतात, अगदी तहानेने टाकावीत तशी. मग घरातली मायाळू माणसं आणखी पाणी घालतात! कंट्रोल थिअरीच्या वर्गात पॉझिटिव्ह फीडबॅक शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

गेल्या जानेवारीत बाईंच्या मुलीचा फोन आला. बाई आता वृद्धाश्रमात राहायला गेल्या आहेत. घर रिकामं करण्याच्या गडबडीत झाड दोन रात्री गॅरेजमध्ये राहिलं, बाहेर उणे वीस. ते गेलंच. "तुझ्याकडचं आहे का अजून?" तिने विचारलं. बरोबरच्या दोघांना मेल टाकून पाहिली; एकाचं घर बदलताना गेलं होतं, दुसऱ्याचं मांजराने संपवलं होतं. आणखी कोणाकडे असेलही, पण आमच्या माहितीत माझं एकच.

त्याच संध्याकाळी मधल्या फेरीतली तीन चांगली पानं काढली (एकावर भरवसा कोण ठेवणार?). देठ इंचभर ठेवून तिरके कापले, ओल्या परलाइटमध्ये खोचले आणि वरून मिठाईचा पारदर्शक डबा पालथा घातला. डब्यातली आर्द्रता नव्वदच्या वर, म्हणजे त्यांच्यापुरतं उसांबारा. मग रोज झाकणाबाहेरून बघायचं आणि हात लावायचा नाही. यातला सगळ्यात अवघड भाग हाच.

वृद्धाश्रमात बाईंची खिडकी उत्तरेकडे आहे, म्हणून दिवा आणि टायमर वेगळा घेतला. तिथल्या कर्मचाऱ्यांच्या पाळ्या बदलतात, त्यामुळे एकाच दिवशी तिघं पाणी घालणार किंवा कोणीच घालणार नाही. त्यावर उपाय वातीचा. कुंडीच्या भोकातून नायलॉनची दोरी खालच्या पाण्याच्या डबीत सोडायची; समईत तेल चढतं तसं पाणी वर चढतं, लागेल तेवढंच. कापसाची वात चालत नाही, ती मातीत कुजते. डबी आठवड्यातून एकदा भरली की पुरे.

फोनवर बाईंनी तब्येतीचं काही बोलू दिलं नाही. पाणी कोमट घालतोस ना, हे मात्र दोनदा विचारलं.

नवव्या आठवड्यात एका पानाच्या बुडाशी मुगाएवढी दोन पिल्लं दिसली. बाकीच्या दोन पानांचं अजून काही नाही. पिल्लं नाण्याएवढी झाली की वेगळी करायची, आणि फुलांना त्यापुढे सहा-सात महिने. वाती मी आत्ताच कापून ठेवल्या आहेत.