तीन दिवसांचे पीठ

पेठ नाक्याला महामार्ग सोडला की इस्लामपूर, आष्टा, तुंग ही गावे मागे टाकीत रस्ता सांगलीकडे निघतो. माहेरची ही वाट गेली अठ्ठावीस वर्षे मी बहुधा आश्विनाच्या अखेरीसच चालत आले आहे. व्यापारी घरात दिवाळीपूर्वीचा पंधरवडा म्हणजे दुकानाची धांदल. त्यातून चार दिवस मागून घ्यावे लागतात. पण त्या चार दिवसांत या रस्त्याचे जे रूप दिसते, ते एरवी दिसत नाही. सोयाबीनची रास घरी गेलेली असते, मोकळ्या झालेल्या काळ्या रानात शाळूची पेरणी चाललेली असते, आणि पाटाच्या कडेला हळद आपली रुंद पाने हलवीत उभी असते. एखादे गुऱ्हाळ लवकर पेटले असेल तर काहिलीतल्या उकळत्या रसाचा वास गाडीच्या बंद काचांतूनही आत येतो. सांगलीवाडी संपते आणि आयर्विन पूल लागतो. १९२९ सालच्या या पुलापाशी कृष्णेचे पाणी किती फूट चढले ते मोजतात. परगावचा प्रवासी पुलावरून नदी पाहतो; सांगलीकराची नजर आधी पाण्याच्या खुणेकडे जाते.

गणपती पेठेत पुढे दुकान, मागे राहते घर आणि वर लाकडी माडी असे आमचे घर होते. हळद, गूळ आणि डाळींची अडत, जोडीला थोडा किराणा. दुकानाच्या मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरले की पेठेचा वास तसाच आत येई. कोणता वास विकण्याचा आणि कोणता शिजणाऱ्याचा, हे लहानपणी कळत नसे. एकदा मी आजीला विचारले होते, आपण बटाटा खात नाही, गाजर खात नाही, ओले आलेसुद्धा घरात येत नाही, मग हळद हा कंद असून आपण तो विकतो कसा आणि खातो कसा? आजी डाळ निवडीत होती. मान वर न करता ती म्हणाली, "शिजवून वाळवलेल्या हळकुंडाला पुन्हा कोंब येतो का? आणि चिमूटभर हळदीनं कुणी पोट भरतं का?" नंतर पुष्कळ प्रवचने ऐकली, पण हळदीच्या व्यापाऱ्याच्या घरात याहून नेमके उत्तर मिळाले नाही.

आमच्या घरी दिवाळीच्या आधी येतो तो ऋतूचा पालट, आणि तो ताटात दिसतो. दिवस लहान होऊ लागतात. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपायचे तर चूल चार वाजताच पेटवावी लागते. साडेपाचला पाने मांडली नाहीत तर अण्णांना दुकानातून येऊन उपाशी राहावे लागे. संध्याकाळी हवेत जरा गारवा आला की आजी हुलग्याचे माडगे करी. भाजून दळलेल्या हुलग्याचे पीठ पाण्यात कालवून, गूळ आणि सुंठ घालून ते मंद आचेवर रटरटत ठेवायचे, आणि वाटीत वरून तुपाची धार. सोबत कच्च्या केळ्यांची भाजी. बटाट्याची उणीव केळ्यांनी भरून काढण्याची युक्ती आपल्या घरांना नवी नाही, पण जिरे, तीळ आणि शेंगदाण्याचे कूट घालून केलेली ती भाजी शाळूच्या भाकरीबरोबर खाल्ली की उणीव कशाची होती ते आठवत नाही. दोडक्याच्या शिरांची चटणी, लसणावाचून केलेली शेंगांची चटणी, गवार. वांगे नाही, कांदा नाही. पुण्यातल्या माझ्या शेजारणींना हे सारे उपासाचे जेवण वाटते. एकदा त्यांतल्या एकीने माडगे चाखले आणि पातेल्याच्या तळाशी किती उरले ते विचारले.

दिवाळीच्या फराळात मात्र एक अडचण आहे. आषाढातल्या चतुर्दशीपासून कार्तिकातल्या चतुर्दशीपर्यंत आपल्या आचारात पावसाळा. बाहेर ऑक्टोबरचे ऊन कितीही रखरखो, पिठाची मर्यादा तीन दिवसांचीच. उन्हाळ्यात ती पाच दिवसांची होते आणि थंडीत सात. दिवाळी नेमकी या पावसाळ्याच्या शेपटाला येते. आणि महाराष्ट्रातली दिवाळी म्हणजे तर डबे भरून ठेवण्याचा सण! चकली आठ दिवस, चिवडा पंधरा दिवस, शंकरपाळे पोरांनी संपवले नाहीत तर महिनाभर. आजी व्रती होती. तिच्यासाठीचा जिन्नस सोवळ्यात, घरी दळलेल्या पिठाचा आणि मर्यादेतला. बाकीच्या घराला तिने कधी अडवले नाही, आईचे पत्र्याचे डबे फळीवर ओळीने भरलेले असत. पण आजीचा एक लहान पितळी डबा वेगळा असे, आणि तो दर तिसऱ्या दिवशी रिकामा होऊन पुन्हा भरे. तांदूळ तीन दिवस भिजत ठेवावे लागतात म्हणून अनारसे आमच्याकडे कधी झालेच नाहीत. त्या एका गोष्टीचे मला बालपणी फार वाईट वाटे, हे कबूल करते.

त्या पितळी डब्यात बहुधा बेसनाचे लाडू असत. हरभऱ्याची डाळ निवडून, मंद भाजून, जात्यावर रवाळ दळलेली. एक चिपटे, फार तर एक मापटे. त्याहून जास्त डाळ आजी जात्याशी आणू देत नसे. तूप एकदम ओतायचे नाही. पीठ कोरडे वाटले की एक चमचा, पुन्हा हलवायचे, पुन्हा एक चमचा. पाऊण तास हात थांबता कामा नये. प्रथम पीठ जड लागते, उलथन्याला चिकटते. मग एका क्षणी ते सैल होते, कडेने तूप सुटू लागते आणि खमंग वास माजघर ओलांडून दुकानात गादीपर्यंत जातो. बहुतेक घरांत याच वेळी दुधाचा हबका मारतात, त्याने लाडू रवाळ होतो. आजी हबका मारू देत नसे. पाण्याचा वा दुधाचा थेंब लागला की त्या जिन्नसाची मर्यादा दिवसावर येते. कोरड्या तुपातला लाडू पिठाबरोबर तीन दिवस चालतो. म्हणून रवाळपणा जात्यातूनच आणावा लागे. दळण किती जाड राखायचे हे तिच्या मनगटाला ठाऊक होते. वेलदोडा, पिठीसाखर, बेदाणे तासगावचे. पहिला लाडू वळून बाजूला ठेवायचा. आमावास्येच्या पहाटे बस्तीत महावीर भगवंतांच्या निर्वाणाचा लाडू चढवायचा तो हाच. तो घरात परत येत नाही, म्हणून घरात कोणी चाखण्याआधीच तो वेगळा काढलेला असे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले. धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे, आणि २००५ चा महापूर पाहिलेल्या पेठेलाही एवढे पाणी येईल असे वाटले नव्हते. घरची माणसे होडीतून निघून मिरजेला नातेवाइकांकडे गेली. परत आली तेव्हा गूळ नावाची वस्तू दुकानात उरली नव्हती, नुसती चिकट जमीन होती. डाळी फुगून पोती फाटली होती, हळदीने भिंतींवर कमरेच्या वर पिवळी रेघ ओढली होती. वास असा की नाकाला पदर लावूनही उलटी यावी. खतावण्या आणि रोजमेळ गच्चीवर वाळत घातले. पाने सुटी झाली, शाई पसरली. टँकरचे पाणी आले तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजीने पहिली वस्तू मागितली ती पाणी गाळण्याचे फडके. चारी बाजूंनी पुराची घाण, आणि ती दुहेरी फडक्यातून पाणी गाळत बसली होती. भावाची चिडचिड झाली. मला ते दृश्य आजही नीट सांगता येत नाही.

त्या दिवाळीला मी पुण्याहून फराळाचे चार मोठे डबे नेले. या घरात यंदा काही होणार नाही, आपणच करून न्यावे, असा माझा हिशोब. चकली, चिवडा, शंकरपाळे, लाडू. आजीने लाडवांचा डबा उघडला, वास घेतला आणि विचारले, "कधीचे गं?" मी दिवस मोजले. नऊ. ती रागावली नाही, डब्याचे झाकण लावून म्हणाली, "पोरांना दे. चांगले झालेत." माझा चेहरा उतरला. मी सगळ्यांची व्यवस्था करून आले होते, आणि ज्या एका माणसासाठी आले होते तिच्यापुरतेच त्यात काही नव्हते.

घरातली विजेची चक्की पुरात गेली होती. कपाटे फुगून मोडली होती, गादी फेकावी लागली होती. जाते मात्र होते. कोपऱ्यात वीतभर गाळाखाली ते होते तिथेच बसलेले सापडले होते, फक्त खुंटा कुजला होता. वहिनींनी ते चार वेळा धुऊन उन्हात ठेवले होते, पेठेतल्या सुताराने नवा खुंटा ठोकून दिला होता. शेजारच्या दुकानदारांनी चिपटेभर डाळ दिली. त्यांचाही माल गेलेला, कुठून तरी नव्याने आणलेल्या एका पोत्यातली ती डाळ होती. वहिनी आणि मी समोरासमोर बसलो. पहिले दळण वाया गेले, दगडाच्या टाक्यांत अजून गाळ होता, पिठात कचकच लागली. ते टाकून जाते पुन्हा धुतले, वाळवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा चिपटेभर डाळ. आजी खुर्चीवरून पाहत होती. "जाड येऊ दे, हात हलका ठेव," एवढेच मधूनमधून म्हणे.

मला तेव्हा उमगले ते असे. ज्या नियमाची आम्ही पोरे थट्टा करीत असू, दर तिसऱ्या दिवशी नवे दळण आणि नवा खटाटोप, तोच त्या वर्षी घराला झेपला. डबे भरायला आमच्याकडे मालच नव्हता. पण आज चिपटेभर डाळ, आज अदपाव तूप, आज अकरा लाडू, एवढे रोज जमत होते. दोन दिवसांनी पुन्हा तेवढेच. साठा असेल तरच सण, ही सवय व्यापारी घराला सहज लागते. आजीच्या स्वयंपाकघराला ती कधीच लागली नव्हती.

अकरांतला पहिला निर्वाणलाडू म्हणून बस्तीत गेला. वहीपूजनाला अण्णांनी एकच नवी वही आणली, तिच्यावर वीर निर्वाण संवत २५४६ घातले आणि गंध लावले. जुन्या उधारीचे काय, हा प्रश्न घरात कोणी काढीत नव्हते. खतावणीची पानेच वाचता येत नव्हती; तिच्यात अण्णांचे सारे भांडवल होते. पाडव्याला सकाळी एक गुळाचे गिऱ्हाईक आले, शिरोळकडचे. त्यांच्या गावातही पाणी होते. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला आणि आपल्याकडे किती येणे आहे ते स्वतःच वाचून दाखवले. पैसे त्यांच्याजवळ नव्हते, फक्त आकडा लिहून घ्या म्हणाले. दुपारपर्यंत असे सहा-सातजण आले. काहींनी थोडी रक्कम दिली, बहुतेकांनी नुसता आकडा. वहिनी प्रत्येकाच्या हातात एकेक लाडू ठेवीत होत्या, त्यामुळे अकरांचे काही तासांत शून्य झाले आणि मग माझ्या पुण्याच्या शंकरपाळ्यांचा डबा बाहेर निघाला. दोन मोठी खाती कधीच आली नाहीत. अण्णांनी त्यांची नावे पुढे घरात घेतली नाहीत. त्यांना आकडे पाठ होते, हे मला माहीत आहे.

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा पेठेत शिरले. त्यानंतर भावाने विश्रामबागेत चौथ्या मजल्यावर घर घेतले. दुकान अजून पेठेतच आहे, माल आता माडीवर ठेवतात. जाते नेऊ नये असे सर्वांचे मत होते. एवढा जड दगड, खालच्या मजल्यावरच्यांना घरघर ऐकू जायची. आजी काही बोलली नाही. वहिनींनीच दोन हमालांना सांगून ते लिफ्टमधून वर आणवले आणि बाल्कनीत जाड सतरंजीवर बसवले. आजी त्या घरात दोन दिवाळ्या राहिली.

गेल्या दिवाळीला मी गेले तेव्हा वहिनी पहाटे दळत होत्या. त्या व्रती नाहीत, त्यांनी नियमही घेतलेला नाही. मी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. भाऊबिजेला निघताना त्यांनी माझ्या हाती आजीचा तोच पितळी डबा दिला. आत सात लाडू. झाकणावर चिकटपट्टीने कागद लावलेला, त्यावर पेन्सिलीने दळणाची तारीख. आष्टा मागे पडल्यावर मी ती वाचली. दुसरा दिवस संपत आला होता. पुण्याला पोचायला रात्र होणार होती, रात्री कोणी खाणार नव्हते, म्हणून सकाळी सातला चहाबरोबर सात माणसे हवीत, असा हिशोब मी गाडीतच मांडू लागले. घरात आम्ही चौघे. तिघांना फोन केले.